मदत हवी आहे : 1964 लिंकन कॉन्टिनेंटल कन्व्हर्टिबलचं छत अर्ध्यावर अडतंय

मिशिगनमध्ये मित्राच्या गॅरेजमध्ये आम्ही ही गाडी मूळ रूपात आणतोय. 430 क्युबिक इंचाचं व्ही-8 इंजिन छान चालतंय, उलटे उघडणारे मागचे दरवाजेही नीट बसतात. अडलंय ते छत, जे घडी होऊन डिकीत जातं.

बटण दाबलं की डिकीचं झाकण कुलूप सोडून मागच्या बाजूला पूर्ण उघडतं. तिथेच सगळं थांबतं. पुढच्या काचेवरच्या चौकटीतलं छताचं कुलूप सुटत नाही, मोटरचा आवाजही नाही. उलट बटण दाबलं की झाकण निमूटपणे बंद होतं, म्हणजे स्विच ठीक असावा.

बॅटरी नवी आहे. अर्थिंगचे जोड घासून साफ केले, फ्यूज तपासले, डिकीतले रिले (मोटरची वीज चालू-बंद करणारे स्विच) आपसात बदलून पाहिले, छताच्या हायड्रॉलिक पंपातल्या तेलाची पातळी बरोबर आहे. फरक शून्य. मल्टिमीटर आहे, वायरिंगचा नकाशाही आहे, पण तो बघून डोकं गरगरतं.

आधुनिक इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बसवा असं कृपया सुचवू नका. डिझायनर एल्वुड एंगलच्या या डिझाइनमध्ये मूळ यंत्रणाच ठेवायची आहे. आणि 1961 ते 63 च्या गाडीवरचा अनुभव असेल तर तसं लिहा, कारण 64 ला व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 3 इंचांनी वाढला आणि सगळे भाग जुळतीलच असं नाही.

झाकण पूर्ण उघडल्याचा इशारा देणारा लिमिट स्विच नेमका कुठे शोधायचा? आणि कुलपाची मोटर वायरिंगपासून सोडवून तिला थेट 12 व्होल्ट देऊन तपासलं तर चालेल, की गिअर आणि केबल तुटायची भीती आहे?