दुबिया झुरळं घरी वाढवायची आहेत, सोलापूरच्या उन्हात टिकतील का?

जुळेसोलापूरकरीण

नमस्कार मंडळी. नाव वाचून नाक मुरडणाऱ्यांनी इथूनच मागे फिरावं, पुढे झुरळंच झुरळं आहेत.

आमच्याकडे एक बिअर्डेड ड्रॅगन आहे (परदेशी सरडा, नाव शेठ, कारण जागचा हलत नाही) आणि एक लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाळीव पाल). दोन्ही लेकाची हौस. लेक आता शिकायला पुण्याला, आणि सांभाळायला मी. आजवर त्यांना खायला कुरिअरने रातकिडे मागवत होतो. थंडीत ठीक येतात, पण मार्च संपला की निम्मा डबा मेलेला. उरलेले रात्रभर किरकिर करतात, आणि एखादा सुटून कपाटामागे गेला की घरात कोणी झोपत नाही. दुबिया जातीची झुरळं ओरडत नाहीत, उडत नाहीत, गुळगुळीत भिंतीवर चढत नाहीत असं वाचलं. म्हणून विचार करायलेय की घरीच पैदास करावी.

अडचणी अशा:

घर दुमजली, वरच्या खोलीला पत्रा. सासूबाई म्हणायल्यात, ठेवायचं तर वर ठेव, स्वयंपाकघराच्या आसपास दिसलं तर मी आणि तुझी झुरळं दोन्ही गावाला. पण एप्रिल-मेमध्ये वर आम्हालाच बसवत नाही.

पाणी चार-पाच दिवसांआड येतं, पिंपं भरलेली असतात, म्हणून मुंग्या आणि डास दोन्ही भरपूर.

खायला काय घालायचं? इथे शेंगदाणा पेंड स्वस्त आणि ताजी मिळते, ती चालेल का? आणि सुरुवातीला किती आणावीत?

सोलापुरात किंवा लातूर, विजापूरकडे कोणी करत असेल तर त्यांनी लिहावं. पुण्या-मुंबईच्या हवेवरचे सल्ले इथे चालत नाहीत हे गुलाबांच्या बाबतीत शिकून झालंय.

---

संशयात्मा

एक बाळबोध प्रश्न. घरात फुकट झुरळं फिरत असताना विकत कशाला? आमच्या मोरीत या, पिशवी भरून न्या.

---

कोन_आणि_बॉबिन

संशयात्मा, तुमच्या मोरीतल्या झुरळाने आधी कुठे तोंड मारलंय ते कोणाला ठाऊक? शेजारच्याने झुरळं मारायचं जेल लावलेलं असतं, कोणी फवारा मारलेला असतो. ते विष घेऊन झुरळ मरायच्या आधी फिरत असतं आणि तेच पालीच्या पोटात जातं. शिवाय गटारातले जंत फुकट. रानातले नाकतोडेही तसेच, आपल्याकडे डाळिंब-द्राक्षाच्या पट्ट्यात तर नकोच.

आता ताई, तुमचं. मी सोलापूरचाच, अक्कलकोट रोडला पूर्वी आमचे माग होते. शेडची एक खोली अजून माझ्याकडे आहे, तिथे माझ्या गेकोंसाठी दुबिया ठेवतो. जरा सविस्तर लिहितो, कारण तुम्ही जे काही वाचलं असेल ते बहुतेक थंड देशातल्या लोकांनी लिहिलेलं असणार. त्यांचं अर्धं पान डबा गरम कसा ठेवायचा यावर असतं. आपल्याला तो प्रश्न गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) आसपासचे काही आठवडे सोडले तर नाहीच. आपला प्रश्न कोरडेपणा, आणि मे महिना.

हा किडा दक्षिण अमेरिकेतला. 28 ते 33 अंशांत आणि थोड्या दमट हवेत तो खुशीने वाढतो. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर हे आपसूक मिळतं. पत्र्याखालची खोली मात्र विसरा. बाहेर 42 असेल तेव्हा पत्र्याखालच्या बंद डब्यात त्याहून जास्त होतं, आणि 40 च्या पुढे वसाहत मरायला लागते. खालच्या मजल्यावर उत्तरेची खोली, नाहीतर जिन्याखालची जागा बघा. सासूबाईंना सांगा, जिन्याखाली आहे, स्वयंपाकघरात नाही. एक साधा तापमान-आर्द्रता मापक डब्यात टाका, अंदाजावर जाऊ नका. थंडीत पारा 20 च्या खाली गेला की मरत नाहीत, पण पिल्लं देणं थांबतं. तेव्हा डब्याच्या एका बाजूला हीट मॅट, थर्मोस्टॅटसकट.

डबा: 50-60 लिटरचा, गडद रंगाचा, आतून गुळगुळीत. जुना ओरखडे पडलेला घेऊ नका, त्या ओरखड्यांना नखं लावून पिल्लं चढतात. वरच्या काठाला आतून चार बोटं रुंद पारदर्शक चिकटपट्टी फिरवा, विषय संपला. झाकणाला मोठी चौकोनी खिडकी कापून पिठाच्या चाळणीची बारीक स्टीलची जाळी बसवा. नुसती भोकं पाडलेलं झाकण पावसाळ्यात घात करतं, आत वाफ साचून बुरशी धरते.

आत अंड्यांचे कागदी ट्रे उभे लावायचे. आडवे लावले की विष्ठा खळग्यात साठते, उभे असले की तळाला पडते. माझ्याकडे सुताचे रिकामे कागदी कोन पोत्याने पडून होते, मी तेच वापरतो. एका कोनात पंचवीस-तीस मध्यम पिल्लं दाटीने बसतात, कोन उचलून वाटीत झटकला की झालं, चिमट्याने शोधत बसावं लागत नाही. मात्र रंगवलेल्या सुताचे डागाळलेले कोन घेऊ नका.

कोरडेपणाचं सांगतो, कारण आपल्याकडे खरी गोम तिथेच आहे. दुबियाची मादी अंडी बाहेर घालत नाही. अंड्यांची पिवळसर, दातेरी पट्टी मागून थोडी बाहेर काढते, वळवते आणि परत पोटात ओढून घेते. दोन-सव्वादोन महिन्यांनी जिवंत पिल्लं बाहेर येतात, एकदम पांढरी, तासाभरात रंग धरायला लागतात. हवा फार कोरडी असली किंवा तुम्ही रोज डबा उपसत बसलात की ती पट्टी टाकून देते. तळाला सुकलेल्या पिवळ्या पट्ट्या दिसू लागल्या तर समजा काहीतरी बिघडलंय. तसंच कात टाकताना अर्ध्यात अडकलेली, वाकड्या पायांची पिल्लं दिसली तरी कोरडेपणाच. एप्रिल-मेमध्ये मी झाकणाच्या अर्ध्या भागावर ओलं करून घट्ट पिळलेलं गोणपाट टाकतो, थेंब गळता कामा नये. कुलरचा झोत थेट डब्यावर नको. (मोठी पांढरीशुभ्र झुरळं दिसली तर घाबरू नका, नुकतीच कात टाकलेली असतात.)

पाण्याची वाटी ठेवू नका, पिल्लं बुडतात. ओला स्पंज वास मारतो. गाजर, लाल भोपळा, दुधी यांच्या फोडी रोज संध्याकाळी द्या, सकाळी उरलेलं काढून टाका. पावसाळ्यात हे चुकलं की बारीक पांढरे माइट (कोळ्याच्या जातीचे सूक्ष्म किडे) होतात. ते झाले तर ओलं खाणं चार दिवस कमी करा, ट्रे बदला.

पेंड नको. आपल्याला शेंगांचं प्रेम कितीही असलं तरी पेंडीला बुरशी पटकन धरते आणि त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, साध्या डोळ्याला दिसत नाही. शिवाय प्रथिनं फार. जास्त प्रथिनं दिली की झुरळं युरिक आम्ल अंगात साठवून ठेवतात, तेच तुमच्या शेठच्या पोटात जाणार. ज्वारीचा भरडा, गव्हाचा कोंडा, थोडी हरभरा डाळ दळून, एवढं पुरतं. शेवग्याचा पाला मिळाला तर उत्तम. डाळिंबाची सालं, द्राक्षं, फ्लॉवरचा पाला टाळा, त्यावर फवारणी किती असते ते आपण जाणतो.

मुंग्यांसाठी खडू ओढू नका! तो खडू म्हणजे कीटकनाशकच. डबा स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, आजीच्या जाळीच्या कपाटाला असायच्या तशा. त्या पाण्यात डास होऊ नयेत म्हणून दर दोन-तीन दिवसांनी ओतून बदला. त्या खोलीत डासांचं लिक्विड लावायचं नाही, अगरबत्ती-कॉइल नाही. गल्लीत डासांच्या धुराची गाडी आली की खिडक्या बंद करून डब्यावर चादर टाका, धूर विरला की लगेच काढा. डासांना मारणारं औषध झुरळांनाही मारतं, ते जात विचारत नाही.

किती आणायची? पूर्ण वाढलेल्या 20 माद्या आणि 5-6 नर. पूर्ण पंख असलेला नर, पंखांच्या जागी नुसते छोटे तुकडे असलेली मादी. नर जास्त झाले तर एकमेकांचे पंख कुरतडतात, जादा नर खाऊ घाला.

---

जुळेसोलापूरकरीण

अहो, तुम्ही तर ग्रंथच लिहिलात, धन्यवाद! जिन्याखालची जागा मंजूर झाली आहे, अट एकच: पाहुणे आले की डब्यावर सोलापुरी चादर आणि वर कुंडी.

20 माद्यांवर माझे दोन प्राणी भागतील का? आणि लगेच खायला घालता येतील?

---

कोन_आणि_बॉबिन

लगेच अजिबात नाही. पेरायची ज्वारी दळून खाल्ली तर पुढच्या साली काय?

हिशेब करा. एक मादी एका वेळी साधारण 20 ते 30 पिल्लं देते, दोन ते अडीच महिन्यांनी पुन्हा. 20 माद्यांची 400 ते 600 पिल्लं तेवढ्या काळात, म्हणजे सरासरी रोजची सहा-आठ. त्यातली काही मरणार, काही पुढच्या माद्या म्हणून राखायची. पिल्लू मोठं व्हायला चार ते सहा महिने. तेव्हा पहिले सहा महिने हात लावायचा नाही, फक्त जादा नर काढायचे. तोवर रातकिडे चालू ठेवा.

तुमचा शेठ वयात आलेला असेल तर त्याला रोज किडे लागतच नाहीत.

---

गोठ्यातला_डॉक्टर

शेवटचं वाक्य अधोरेखित. माझा रोजचा संबंध गाई-म्हशींशी, पण आता असले पेशंटही येतात, आणि सरडे-पालींत सर्वांत जास्त दिसतं ते दोनच: मऊ हाडं आणि लठ्ठपणा.

पूर्ण वाढलेल्या बिअर्डेड ड्रॅगनचं ताट मुख्यतः पाल्याचं हवं: शेवगा, हादगा, लाल भोपळा, थोडा घेवडा. पालक नेहमी नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. किडे आठवड्यातून दोन-तीनदा. लेपर्ड गेको मात्र पूर्ण कीटकभक्षी, मोठ्याला एक दिवसाआड चार-सहा मध्यम दुबिया पुरतात. किडा प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा लांब नको.

दुबिया असो की रातकिडा, फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. म्हणून खायला घालण्याआधी दिवसभर त्या किड्यांना शेवग्याचा पाला द्या आणि देताना कॅल्शियम कार्बोनेटच्या भुकटीत घोळवा. ड्रॅगनला अतिनील-बी किरण हवेतच. काचेच्या खिडकीतून येणारं ऊन त्या कामाचं नाही, काच ते किरण अडवते. सकाळी आठच्या आत गच्चीवर जाळीच्या पिंजऱ्यात थोडा वेळ, निम्म्या पिंजऱ्यावर सावली ठेवून. मे महिन्यात दहाच्या उन्हात ठेवलेला प्राणी परत आणायला वेळ मिळत नाही.

दुसरं, घरात कोणाला दमा आहे का? झुरळांची विष्ठा आणि कात यांची धूळ हा दम्याचा ठाऊक असलेला ट्रिगर आहे, दुबियाही त्याला अपवाद नाही. साफसफाई बाहेर, मास्क आणि हातमोजे घालून. हा सल्ला लोक हसण्यावारी नेतात, नेऊ नका.

---

जुळेसोलापूरकरीण

सासऱ्यांना दमा आहे. मग जिन्याखाली नको?

---

गोठ्यातला_डॉक्टर

नको. ते जिथून रोज दहादा जातात तिथे तर नकोच. स्वतंत्र दाराची, बाहेरून जायची खोली आहे का?

---

जुळेसोलापूरकरीण

मागे पाण्याच्या मोटरची खोली आहे, स्लॅबची, झाडाच्या सावलीत. दुपारी दोनला आत 36 होतं, आत्ताच मोजून आले.

---

कोन_आणि_बॉबिन

36 चालेल, मेमध्ये लक्ष ठेवा. डबा मोटरपासून लांब ठेवा, थरथर नको.

---

नियमावर_बोट

थोडं कागदोपत्री. 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात सायटीस (वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादीतल्या परदेशी जाती आल्या आणि 2024 च्या नियमांनी अशा पाळीव प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश 2.0 पोर्टलवर करणं बंधनकारक झालं. हिरवा इग्वाना त्या यादीत आहे (आणि तो शाकाहारी आहे, त्याला झुरळं घालू नका). तुमच्या दोन्ही जाती यादीत आहेत की नाहीत ते वन विभागात विचारून घ्या. आणि कोणी घोरपड, रंग बदलणारा सरडा किंवा तारा कासव "पाळायला" आणून देत असेल तर सरळ नाही म्हणा, आपल्याकडच्या या प्राण्यांना घरी ठेवणं गुन्हा आहे.

दुबिया परदेशी कीटक आहे. कंटाळा आला म्हणून बागेत सोडायचा नाही. नको असतील तर फ्रीझरमध्ये.

---

संशयात्मा

फ्रीझरमध्ये? सासूबाईंच्या?

---

जुळेसोलापूरकरीण

संशयात्मा, तुम्ही त्यांच्यासमोर बोलू नका.

ठरलं, मोटरची खोली. डबा आणि जाळी उद्या नव्या पेठेतून आणते. आता झुरळं कधी मागवू?

---

कोन_आणि_बॉबिन

मागवू नका, उन्हात पार्सलचं भरीत होईल. डबा लावून आठवडाभर रिकामा ठेवा, दुपारचं आणि पहाटेचं तापमान लिहून इथे टाका. आकडे बरे दिसले तर पहिल्या पावसानंतर माझ्याकडून घेऊन जा, माद्या देतो. येताना एक पोतं कोंडा आणा, पैसे नकोत.