मदत हवी आहे: क्लिक ३१२, ॲनालिटिक्समध्ये ४१, कन्व्हर्जन शून्य!

घाईतली_मुंगी
डिजिटल मार्केटिंगच्या कोर्सचा सहावा आठवडा चालू आहे. प्रोजेक्टसाठी खरी जाहिरात चालवायची होती, शुक्रवारी रिपोर्ट द्यायचाय. सगळं व्हिडिओत दाखवलंय तस्सं केलं. क्लिक ३१२, साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या ॲनालिटिक्समध्ये जेमतेम ४१ आणि कन्व्हर्जन, म्हणजे येऊन हवं ते करणारे, ०. सर म्हणतात कीवर्ड, म्हणजे ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसते ते, चुकलेत. तीनदा बदलले, ढिम्म फरक नाही. शिवाय व्हिडिओतलं 'गोल्स' माझ्याकडे दिसतच नाहीये. कुठे गेलं? लवकर सांगा प्लीज, डोकं आउट झालंय.

टॅगवाला
जाहिरात गूगलवर की मेटावर? कन्व्हर्जन म्हणून काय मोजताय, फोन, फॉर्म की खरेदी? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

रीलराणी
पिक्सेल, म्हणजे भेटी मोजणारा कोडचा तुकडा, पानावर दोनदा बसलाय का बघ. माझं सेम झालं होतं. एका माणसाचे दोन दिसायचे.

टॅगवाला
रीलराणी, तुमच्याकडे दुप्पट दिसत होते. इथे शून्य आहे. सेम कुठे झालं?

घाईतली_मुंगी
गूगलच हो. फॉर्म आहे. पुढे?

मुळापासून
भाऊ, जाहिरातीच्या नादी लागू नका. बजेट संपलं की गिऱ्हाईक संपलं. एसईओ शिका, म्हणजे जाहिरातीशिवाय गूगलच्या शोधात वर येणं. माझा एक लेख तीन वर्षं झाली, अजून रोज माणसं आणतोय.

घाईतली_मुंगी
भाऊ नाही, ताई. आणि शुक्रवार!!

खडूस_काका
मुळापासून, शुक्रवारपर्यंत एसईओने माणसं येणार असतील तर मी स्वतः तुमच्याकडे शिकवणी लावतो.
ताई, तो व्हिडिओ कधीचा आहे ते बघा आधी. 'गोल्स', म्हणजे कन्व्हर्जन मोजायची सोय, होतं गूगलच्या जुन्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्समध्ये. १ जुलै २०२३ पासून त्याने नवीन डेटा घेणं बंद केलं. तुमच्याकडे जीए-फोर, म्हणजे नवीन गूगल ॲनालिटिक्स ४, असणार. तिथे सगळे 'इव्हेंट', आणि त्यातला जो महत्त्वाचा त्याला 'की इव्हेंट' ठरवायचं. २०२४ पर्यंत त्यालाही कन्व्हर्जनच म्हणायचे, मग नाव बदललं. गूगल ॲड्समध्ये मात्र अजून कन्व्हर्जनच. शिकणाऱ्याने गोंधळू नये तर काय करावं?

घाईतली_मुंगी
व्हिडिओ २०२० चा निघाला 😐 पण काका, मी इव्हेंट केलाय. कोर्समधल्या एका मुलाने सांगितलं तसा. पेज व्ह्यू, म्हणजे पान उघडणं, आणि पानाच्या पत्त्यात (यूआरएल) थँक-यू असेल तर मोजायचं. तरी शून्य.

कॉपीकार
मथळे किती दिलेत? रिस्पॉन्सिव्ह सर्च ॲडमध्ये १५ पर्यंत देता येतात, प्रत्येकी ३० अक्षरं. नवीन लोक तीन टाकून मोकळे होतात. मथळ्यातच सगळी जादू असते.

टॅगवाला
कॉपीकार, तिला क्लिक मिळतायत. क्लिकनंतर काय होतंय तो प्रश्न आहे.

ताई, दोन वेगळे घोळ दिसतायत. एकेक घेऊ.

पहिला, ३१२ आणि ४१. हे आकडे तंतोतंत कधीच जुळत नाहीत. गूगल ॲड्स क्लिक मोजतं. ॲनालिटिक्सला ती भेट तेव्हाच कळते, जेव्हा पान उघडून त्यावरचा टॅग, म्हणजे मोजणारा कोड, चालतो. पण एवढी दरी म्हणजे बहुधा माणसं पान उघडायच्या आतच परत जातायत. कॅम्पेनच्या सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क्स' उघडा. डिस्प्ले नेटवर्कवर खूण आहे का? ती असली की जाहिरात गूगलच्या शोधाबाहेर, दुसऱ्या साइट्स आणि ॲप्सवरही दिसते, तिथे चुकून क्लिक पडतात.

दुसरा, तुमचा फॉर्म तुम्ही स्वतः भरून पाहिलात का? भरल्यावर नेमकं काय होतं?

घाईतली_मुंगी
फॉर्म चालतोच ना, त्यात काय बघायचं. थांबा, नेटवर्क बघते.

मी_पण_नवीन
धाग्यात घुसतोय, सॉरी. सर्टिफिकेट नसेल तर या क्षेत्रात नोकरी मिळते का?

रीलराणी
मला मिळाली. स्वतःचं पेज वाढवून दाखवलं, कुणी सर्टिफिकेट विचारलं नाही.

खडूस_काका
गूगलच्या स्किलशॉपवर ॲड्सची परीक्षा फुकट आहे, द्या. सर्टिफिकेट एक वर्ष चालतं, मग परीक्षा पुन्हा द्यायची. पण मुलाखतीत मी विचारतो ते एकच: कुठली कॅम्पेन फसली आणि का. ज्याची फसलीच नाही त्याने चालवलीच नाही.

मुळापासून
हे सगळं एआय करणार आहे आता. वेगळा धागा काढा यावर.

घाईतली_मुंगी
खूण होती!!! मी केलेली नाही, आधीच होती. नेटवर्कप्रमाणे फोड करून बघितली. ३१२ पैकी २६८ डिस्प्लेचे. आणि कुठे दिसली जाहिरात, तर टॉर्चचं ॲप आणि चित्रात रंग भरायचा लहान मुलांचा गेम 😭 माझी जाहिरात हिशेब शिकवायच्या क्लासची आहे!

खडूस_काका
नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात. इथे अंगणच दुसऱ्याचं निघालं. रंग भरता भरता पोराचं बोट लागतं, क्लिक पडतो, पोर पान बंद करून पुन्हा हत्तीला निळा रंग देतं. कीवर्ड बदलून काय होणार होतं? उरले सर्चचे ४४, आता ४१ बरे वाटतात की नाही?

टॅगवाला
काका, ४१ सगळे सर्चचेच असतील असं नाही. ॲनालिटिक्सच्या 'ट्रॅफिक ॲक्विझिशन' अहवालात, म्हणजे भेटी कुठून आल्या ते दाखवणाऱ्या, बघून ठरवा.
खूण काढा. 'सर्च टर्म्स' अहवालही वाचा, लोकांनी खरंच काय टाइप केलं होतं ते तिथे कळेल. नको ते शब्द निगेटिव्हमध्ये टाका, म्हणजे त्यांवर जाहिरात दिसणार नाही. आणि फॉर्म?

घाईतली_मुंगी
आत्ता भरला. पाच वेळा. बटण दाबलं की त्याच पानावर खाली हिरव्या अक्षरांत 'धन्यवाद, आम्ही संपर्क करू' येतं. वरचा पत्ता बदलतच नाही. ॲनालिटिक्सच्या रिअलटाइममध्ये (आत्ता काय चाललंय ते दिसतं तिथे) पेज व्ह्यू एकदाच आला, पान उघडलं तेव्हाचा.

टॅगवाला
सापडलं. थँक-यू नावाचं पानच नाही, तर ते उघडल्याचं मोजणार कोण? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. फॉर्म भरल्यावर वेगळ्या पानावर नेता येत असेल तर न्या, तुमचा इव्हेंट आहे तस्सा चालेल. ते जमत नसेल तर गूगलच्या टॅग मॅनेजरमध्ये (टॅग सांभाळायचं साधन) एलिमेंट व्हिजिबिलिटी ट्रिगर लावा, म्हणजे ती हिरवी ओळ दिसली की इव्हेंट जाईल. प्रिव्ह्यू लावून तपासा, मगच पब्लिश करा.

रीलराणी
एवढं कशाला? जीए-फोर फॉर्म सबमिट आपोआप पकडतं की.

टॅगवाला
पकडतं, पण सगळ्या फॉर्मचं नाही. पान न बदलता जाणाऱ्या फॉर्मवर मी त्याच्या भरवशावर राहत नाही. एकदा तोंडघशी पडलोय.

खडूस_काका
एक राहिलंच. फॉर्मच्या नोंदी कुठे जातात? तिथे मोजल्यात का?

घाईतली_मुंगी
ईमेलवर यायला हव्यात. स्पॅममध्ये नऊ निघाल्या! पाच माझ्या आत्ताच्या. चार खऱ्या माणसांच्या, त्यातली एक बारा दिवसांपूर्वीची, 'कृपया आजच फोन करा' 🙈

आता वेगळं पान केलंय, रिअलटाइममध्ये की इव्हेंट १ दिसतोय. तो मीच. हे जुने चार ॲनालिटिक्समध्ये मागाहून येतील का?

टॅगवाला
नाही. आजपासून पुढचेच मोजले जातील. रिपोर्टमध्ये चारही हाताने लिहा आणि ते का दिसले नाहीत तेही लिहा. डिस्प्लेचा आकडा वेगळा दाखवा.

खडूस_काका
आणि त्या बारा दिवसवाल्याला आधी फोन करा. रिपोर्ट नंतर.

घाईतली_मुंगी
केला. दुसरीकडे क्लास लावला त्यांनी. बाकी तिघांना संध्याकाळी करते. धन्यवाद टॅगवाला, काका 🙏

क्लिकसम्राट
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण कीवर्ड बदलून बघा.