भंगारातल्या मोटारी: फोडून तांबं काढावं, की अख्ख्या वजनावर द्याव्यात?

काळी_माती
शेडमधला माल असा: 3 एचपीच्या थ्री-फेज मोटारी तीन (बिडाची बॉडी, प्रत्येकी साधारण 30 किलो), 7.5 एचपीच्या सहा इंची सबमर्सिबल दोन, 1 एचपीची चार इंची ऑइलवाली एक, सीलिंग फॅन सहा, मिक्सर दोन, फ्रिजचा कॉम्प्रेसर एक. भंगारवाला सरसकट 90 रुपये किलो म्हणतोय. फोडून आणलं तर तांबं ‘आर्मेचर’मध्ये (मोटारीतून निघालेल्या इनॅमलच्या तारेचा भंगारातला वर्ग) 700, लोखंड-बीड 30. पान्हे, पुलर, छिन्नी, चार इंची ग्राइंडर आहे. फोडायच्या का? आणि कोणत्या?

पाना_बारातेरा
आधी कागदावर फोडा. अख्ख्याच्या भावातून लोखंडाचा भाव वजा करा, तांब्याच्या भावातूनही लोखंडाचा वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा. तुमच्या आकड्यांत 60 भागिले 670, म्हणजे साधारण 9 टक्के. मोटारीच्या वजनात याहून जास्त तांबं असेल तरच फोडणं परवडतं, तेही मजुरी न धरता.

3 एचपीच्या 30 किलोत अडीच किलो तांबं धरा. 1750 तांब्याचे, साडेसत्तावीस किलो लोखंडाचे 825, मिळून 2575. अख्खी दिली तर 2700. म्हणजे तासभर छिन्नी मारून वर सव्वाशेचा तोटा. उद्या अख्ख्याचा भाव 65 झाला तर ही 9 टक्क्यांची रेषा 5 टक्क्यांवर येते आणि हिशोब उलटतो. भाव बदलला की पुन्हा मांडा.

वेज_वार्निश
बारातेराशी सहमत, पण त्याआधी दोन गोष्टी बघा.

एक, त्या तीन थ्री-फेज भंगारात काढण्याजोग्या आहेत का? नुसती वायंडिंग (आतलं तारेचं गुंडाळण) जळली असेल, स्टॅम्पिंगचे (तार बसते त्या लोखंडी पत्र्यांच्या गाभ्याचे) दात वितळले नसतील, रोटर (आतला फिरणारा भाग) घासला नसेल आणि कव्हरमध्ये बेअरिंगची बैठक सैल नसेल, तर ती मोटार अजून ‘बॉडी’ आहे, म्हणजे नवी तार भरून पुन्हा चालवता येईल. रिवायंडिंगवाल्याला आधी विचारा. तो बरेचदा भंगारापेक्षा बरा भाव देतो. एकदा छिन्नी लागली की तो दरवाजा बंद.

दुसरं, आत तांबंच आहे याची खात्री. इनॅमलचा (तारेवरच्या पातळ लेपाचा) रंग फसवतो, ॲल्युमिनिअमची तारही लालसर दिसते. नुसतं ब्लेडने खरवडू नका, तार आडवी कापून टोक बघा. वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनिअम अशी तारही येते. ती खरवडल्यावर लालच दिसते, कापल्यावर मधे पांढरी. फॅन आणि मिक्सरमध्ये हे हमखास तपासा.

काळी_माती
एका मोटारीचा रोटर घासलाय, दात वितळलेत. समजा ती फोडलीच, तर कशी? ग्राइंडरने?

वेज_वार्निश
ग्राइंडर तांब्यावर नको. चाक भरतं, तार अडकली की झटका देतं, आणि तांब्याचा भुगा जमिनीवर जातो.

फॅन कव्हर, फॅन, मग दोन्ही एंड कव्हर काढा, रोटर बाहेर. स्लॉटमधल्या (तारेच्या खाचांमधल्या) वेज, म्हणजे तार दाबून धरणाऱ्या पट्ट्या, हॅकसॉ ब्लेडचा तुकडा ठोकून आधी पाडा, त्याने आतली पकड ढिली होते. मग ज्या बाजूला लीड (जोडणीच्या वायरी) निघतात तिच्या *विरुद्ध* बाजूचं वायंडिंगचं डोकं (स्लॉटाबाहेर आलेला तारांचा गुच्छ) छिन्नीने कापा. छिन्नी एका अंगाने घासलेली हवी आणि तिचं सपाट अंग स्टॅम्पिंगला टेकलेलं. बोथट छिन्नीने तारांची टोकं खिळ्याच्या माथ्यासारखी पसरतात आणि ओढताना स्लॉटात अडकतात. तास न् तास जातात ते इथेच. लीडच्या बाजूचं डोकं दोऱ्याने बांधलेलं, एकसंध असतं. त्यात सळईचा हुक घालून तरफेने ओढा, कॉईल बाहेर येते.

रोटरच्या नादी लागू नका. त्यातलं ॲल्युमिनिअम ओतीव असतं, लोखंडातच जाऊ द्या.

विहीरकाठ
सगळे 3 एचपीवरच थांबलात. सरसकट भाव येतोय तो त्या दोन सबमर्सिबलमुळे! फॅनवर जास्त दिलेले पैसे तो तिथे वसूल करणार. त्या दोन वेगळ्या काढा आणि फोडा.

पाण्याने भरलेल्या सबमर्सिबलच्या वायंडिंगला वार्निश नसतं, म्हणून तारा एकमेकींना चिकटलेल्या नसतात. एका बाजूचं डोकं हॅकसॉने कापलं की पकडीने दोन-तीन तारा एकेका वेळी सरळ ओढून येतात. आणि आपल्याकडच्या या मोटारींचा रोटर बहुधा तांब्याचा असतो: दांड्या तांब्याच्या, दोन्ही टोकांना तांब्याच्याच रिंगा ब्रेझ केलेल्या. रिंगा हॅकसॉने उतरवा, दांड्या पंचाने ठोकून बघा. घट्ट असतील तर रोटर तसाच ठेवून त्याचा वेगळा भाव मागा. लोखंडात जाऊ देऊ नका. बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळकांडी) गनमेटलचे (तांब्या-कथिलाच्या मिश्रधातूचे) असतील तर तेही बाजूला. स्टेनलेसची बाहेरची नळी लोहचुंबकाने तपासा, नाही चिकटली तर तिचा भाव वेगळा.

तारेवर प्लास्टिकचं आवरण असतं, त्याचं वजन फसवतं. फूटफूट लांबीचे दहा तुकडे काट्यावर मोजा, सोलून पुन्हा मोजा. त्यातून आवरणाची टक्केवारी निघेल. मग सोलायचं की कमी भावाने आवरणासकट द्यायचं ते ठरवा.

काळी_माती
सोलण्यापेक्षा जाळलं तर? गावात सगळे जाळतात.

विहीरकाठ
नको. आवरण पीव्हीसीचं असलं तर जळताना हायड्रोक्लोरिक वायू निघतो, डायऑक्सिनही. तांबं काळं, ठिसूळ होतं आणि भाव उतरतो. इनॅमलची तार तर आर्मेचरमध्ये तशीच जाते, ती जाळून मिळवायचं काय?

पाना_बारातेरा
बाकी माल पटकन. फॅनची पाती काढून चुंबक लावा, ॲल्युमिनिअम असतील तर वेगळी. तांबं थोडंच, त्यासाठी फॅन फोडू नका. मिक्सर अख्खे. ऑइलवाल्या चार इंचीतलं ऑइल आधी डब्यात काढा, विहिरीजवळ सांडू नका. ती वायंडिंग इनॅमलची, वार्निश मारलेली असते, सहा इंचीसारखी सुटणार नाही. सिंगल फेजच्या कपॅसिटरला हात लावण्याआधी त्याच्या दोन टोकांना पिवळा (जुना तारेचा) 100 वॉटचा बल्ब जोडून आत साठलेली वीज उतरवा.

कॉम्प्रेसर कापायचाच नाही. आत तेल आणि गॅस, नव्या फ्रिजमध्ये आर-600ए, म्हणजे पेट घेणारा आयसोब्युटेन. शिवाय फ्रिज ई-कचरा नियम 2022 मध्ये येतो (1 एप्रिल 2023 पासून लागू), तो नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या.

विहीरकाठ
आणखी एक. मोटारी-केबलच्या चोऱ्या इतक्या होतात की नुसतं तांबं घेऊन गेलात तर दुकानदार बिचकतो, किंवा बिचकल्याचं दाखवून भाव पाडतो. नेमप्लेट आणि खरेदीचं बिल सोबत ठेवा. फोडलेली बॉडीही त्याच दिवशी, त्याच गाडीत न्या.

काळी_माती
ठरलं. घासलेली एक आणि फॅन-मिक्सर अख्खे, दोन बॉड्या रिवायंडिंगवाल्याला दाखवतो, सहा इंची दोन्ही फोडतो. चार इंचीचं?

वेज_वार्निश
ऑइल काढून अख्खीच द्या. पण वजन तुमच्यासमोर, आणि 90 चा भाव सबमर्सिबल वगळून पुन्हा बोलून घ्या. तो आता 90 म्हणणार नाही. जो म्हणेल तो बारातेराच्या गणितात घाला, मगच त्या घासलेल्या मोटारीचं ठरवा.