ऑनलाइन समुपदेशन मराठीतून, घरच्यांच्या कानाआड, जमतं का?

बार्शीच्या_बाई

नमस्कार. मी 61 वर्षांची, बार्शी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. निवृत्त झाले आणि पाठोपाठ यजमान गेले. मुलगा म्हणाला, एकटी राहू नकोस. घर भाड्याने दिलं आणि वाकडला त्याच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आले. मुलगा-सून दोघंही चांगले आहेत, हे आधीच सांगते, नाहीतर लोक भलताच अर्थ काढतात.

पहाटे चारला जाग येते आणि छातीत धडधडतं. लिफ्टचं दार बंद झालं की हात थरथरतात, म्हणून खाली भाजीला जाणंसुद्धा टाळते. डॉक्टरांनी ईसीजी काढला, थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-12 सगळं तपासलं. सगळं ठीक आलं. ते म्हणाले, ही चिंता आहे, समुपदेशकाशी बोला.

सुनेने एका ॲपवर वेळ घेऊन दिली. समोरची मुलगी नम्र होती, पण निम्मं इंग्रजी. मला इंग्रजी कळतं, पण यजमानांबद्दल इंग्रजीतून कसं बोलू? शिवाय दोन खोल्यांचं घर, दोघंही घरून काम करतात. भिंतीपलीकडे मुलगा मीटिंगमध्ये असताना मी "मला इथे करमत नाही" हे कुठल्या तोंडाने म्हणू? त्याला किती लागेल! शेवटी हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवला.

तर विचारायचं असं की पडद्यावरून याचा खरंच उपयोग होतो का? माणूस शिकलेला आहे की नाही, हे कसं ओळखायचं? आणि माझ्यासारखीने बोलायचं कुठे बसून?

ठाण्याची_समुपदेशक

बाई, आधी तपासण्या करून घेतल्यात हे फार बरं केलंत. धडधड आणि थरथर थायरॉईडमुळेही होते, आणि पुष्कळ लोक ती पायरी गाळून थेट आमच्याकडे येतात.

शिक्षणाबद्दल बेलाशक विचारा. समुपदेशक म्हणून पाटी लावणाऱ्यांत खूप फरक असतो. कुणी मानसशास्त्रात एमए करून अनुभवी तज्ज्ञाच्या हाताखाली काम केलेलं असतं, तर कुणी चार शनिवार-रविवारचा कोर्स केलेला. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवणाऱ्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो क्रमांक मागा. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात पुढे शिकलेले डॉक्टर. औषध लागलं तर ते डॉक्टरच देणार, मी देऊ शकत नाही. विचारल्यावर जो चिडेल, त्याच्याकडे जाऊ नका.

चिंता आणि नैराश्यासाठी बोलून करायचे उपचार व्हिडिओवरून किंवा फोनवरूनही चांगले लागू पडतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. माझा स्वतःचा अनुभवही तोच. मात्र जीव नकोसा वाटत असेल, जेवण-झोप पार सुटली असेल किंवा घरात मारहाण होत असेल, तर नुसत्या पडद्यावर विसंबू नये.

पहिल्या वेळी समोरचा तुमच्याकडून एक छोटी प्रश्नावली भरून घेईल, बहुधा 7 प्रश्नांची. गेल्या दोन आठवड्यांत काळजी किती दिवस छळत होती, असं त्यात विचारतात. गुण 0 ते 21. ती परीक्षा नव्हे. काही आठवड्यांनी पुन्हा भरली की फरक पडतोय का, ते तुम्हालाही दिसतं. फरक दिसत नसेल तर तसं तोंडावर सांगा, आम्हाला ते ऐकायची सवय असते.

तुमचं बोलणं मुलाला कळवायचा अधिकार आम्हाला नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. जिवाला धोका असेल किंवा कोर्टाचा आदेश असेल, असे मोजकेच अपवाद, आणि तेही सुरुवातीलाच सांगायला हवेत.

फीची अडचण असेल किंवा मराठी माणूस मिळत नसेल, तर 14416 लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. मोफत, चोवीस तास, आणि भाषांत मराठी आहे. गरज वाटली तर ते पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात.

निफाडचा_बागायतदार

ताई, कुठे बसून बोलायचं, एवढंच मी सांगतो. गारपिटीत बाग गेली, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, आणि घरात आई, बायको, पोरं. मी शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत बसून समुपदेशक बाईंशी फोनवर बोलायचो. रेंज कमी, म्हणून व्हिडिओ बंद ठेवून नुसता आवाज. मला तर तेच सोपं गेलं. समोर चेहरा नसल्यावर मला रडता आलं. बाईंनी मध्ये एक शब्द काढला नाही, थांबून राहिल्या.

त्यांनी मला काळजीची वेळ ठरवून दिली होती. संध्याकाळी सहाला वीस मिनिटं, वहीत लिहून. दिवसभरात कर्जाचा विचार आला की त्याला सहाची वेळ द्यायची. आधी मला हे पोरकट वाटलं. पण रात्रीची झोप हळूहळू परत आली. बँकेत जाऊन हप्ते बांधून घ्यायचं धाडसही त्यानंतरच झालं. कर्ज आहे तेवढंच आहे, ते बोलून फिटत नाही.

तुमच्या लिफ्टचंही त्या पायरीपायरीने करवून घेतील. आधी दार उघडं ठेवून नुसतं आत उभं राहायचं, मग एकच मजला, असं. एकदम अकरा मजले उतरायला जाऊ नका.

कोथरूडची_सून

मी तुमच्या सुनेच्या जागी आहे म्हणून लिहिते. माझ्या सासूबाई अशाच धुळ्याहून आल्या. त्यांच्या बोलण्याच्या वेळी मी आणि नवरा खाली फिरायला जातो, त्यांच्या खोलीबाहेर पंखा मोठा लावून ठेवतो. काय बोललात, हे कधी विचारत नाही. सुनेला फक्त एवढं सांगा, "आठवड्यातून एक तास मला घर मोकळं हवं." कारण सांगू नका. तिने वेळ घेऊन दिली म्हणजे तिला कळतंय.

बार्शीच्या_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी सोसायटीच्या बागेतल्या बाकावरून 14416 लावला. जिन्याने उतरले, गुडघे दुखले, पण उतरले. पलीकडची मुलगी स्वच्छ मराठी बोलत होती. "यजमान गेल्यावर तुम्ही कुणाजवळ रडलात का?" असं तिने विचारलं. मी बराच वेळ बोलले. बार्शीच्या घराबद्दल, अंगणातल्या पारिजातकाबद्दल, भाडेकरू त्याला पाणी घालतात की नाही याबद्दलसुद्धा.

नियमित बोलायला कोणीतरी एकच माणूस हवं, असं तीही म्हणाली. सुनेला सांगितलं, तर तिने लगेच दोघांचीही गुरुवारची दुपार मोकळी केली. आता मराठीतून बोलणाऱ्या, नोंदणी असलेल्या बाईंची वेळ शोधतोय. ठाण्याच्या ताई, पहिल्याच वेळी यजमानांचा विषय काढावा की आधी लिफ्टचं सांगावं?

ठाण्याची_समुपदेशक

जे आधी ओठांवर येईल ते. क्रम लावणं त्यांचं काम आहे.