तीन भागांचा ‘हॉबिट’ घरच्या घरी एका चित्रपटात बसवायचा आहे, मार्गदर्शन हवे

डोंगरवाट

नमस्कार मंडळी,

पीटर जॅक्सन यांनी 2012, 2013 आणि 2014 अशा लागोपाठच्या तीन वर्षांत ‘द हॉबिट’चे तीन भाग प्रदर्शित केले. चित्रपटगृहात आलेल्या आवृत्त्यांची लांबी 169, 161 आणि 144 मिनिटे आहे, म्हणजे सगळे मिळून जवळजवळ आठ तास होतात. टॉल्किन यांची 1937 सालची मूळ कादंबरी मात्र मुलांना रोज रात्री थोडी थोडी वाचून दाखवावी अशी, एका आटोपशीर पुस्तकात मावणारी आहे. मार्टिन फ्रीमन यांनी उभा केलेला कथानायक बिल्बो मला मनापासून आवडतो आणि गॉलमबरोबरचा कोड्यांचा प्रसंग तर कितीही वेळा पाहिला तरी माझे समाधान होत नाही. परंतु दुसऱ्या भागापासून लढाया, पाठलाग आणि कादंबरीत मुळीच नसलेले प्रेमप्रकरण यांच्या गर्दीत हा बिल्बोच दिसेनासा होतो, याची रुखरुख वाटत राहते.

माझी मुलगी सध्या ती कादंबरी वाचते आहे. तिची वाचून झाली की तिला दाखवण्यासाठी साधारण चार तासांची, बिल्बोच्या मागोमाग चालणारी आवृत्ती तयार करावी असे मनात आहे. तिन्ही भागांच्या ब्लू-रे माझ्या स्वतःच्या आहेत, संगणकाला ब्लू-रे ड्राइव्ह आहे आणि डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या संकलनाच्या प्रोग्रॅमची मोफत आवृत्ती उतरवून घेतली आहे. सराव म्हणून एक दृश्य मधूनच कापून पाहिले. चित्र व्यवस्थित जुळले, पण पार्श्वसंगीत तुटल्यामुळे तो कट लगेच कानाला खटकला. ध्वनीचे काय करावे, कथेतले नेमके काय आणि कोणत्या क्रमाने काढावे, आणि हे सारे आपल्याकडच्या कायद्यात बसते का, याबद्दल जाणकारांनी सांगावे ही विनंती.

रिळघर

आधी तांत्रिक बाजू सांगतो, कारण ती एकदा नीट लावली की पुन्हा तिच्याकडे पाहावे लागत नाही.

मेकएमकेव्हीसारख्या प्रोग्रॅमने डिस्क रिप केली, म्हणजे तिच्यावरचा चित्रपट संगणकात उतरवला, की चित्र आणि ध्वनी गुणवत्तेत काहीही न गमावता एमकेव्ही फाइलमध्ये येतात. ही फाइल थेट टाइमलाइनवर घेऊ नका. ब्लू-रेवरच्या संकुचनात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. काही फ्रेम पूर्ण असतात आणि मधल्या फ्रेममध्ये केवळ आजूबाजूच्या फ्रेमपासूनचा फरक नोंदवलेला असतो, त्यामुळे एकेक फ्रेम मागेपुढे सरकताना संगणक अडखळतो आणि संकलन करणारा वैतागतो. त्यासाठी एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅमने तिन्ही चित्रपट प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या संकलनासाठीच्या कोडेकमध्ये (चित्र साठवण्याच्या पद्धतीत) बदलून घ्या. प्रोरेस 422 ला 1080पी चित्रासाठी ताशी सुमारे 53 जीबी जागा लागते, म्हणजे आठ तासांना सव्वाचारशे जीबीच्या आसपास. एक टीबीची बाह्य एसएसडी पुरेशी होईल. तेवढी जागा नसेल तर रिझॉल्व्हमध्येच हलक्या प्रॉक्सी फाइली (कमी दर्जाच्या तात्पुरत्या प्रती) करून काम करता येते.

प्रकल्प उघडताना फ्रेमदर (सेकंदाला किती फ्रेम) 23.976 ठेवा. रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइनवर काही आणले की हा आकडा बदलता येत नाही. तो 24 किंवा 25 राहून गेला तर पुढे चित्र झटके देऊ लागते आणि मागे फिरायला वाट नसते. ध्वनी 24 बिटांच्या वेव्ह फाइलमध्ये काढा, मात्र त्याचा स्टीरिओ करू नका. सर्व वाहिन्या (मधला, डावा, उजवा असे ध्वनीचे चॅनल) सुट्या राहू द्या. त्या किती उपयोगी पडतात ते ध्वनीची कामे करणारे इथे सांगतीलच.

कातरवेळ

मी मालिकांच्या संकलनात काम करते, त्यामुळे प्रश्न वाचून राहवले नाही. तुम्ही विचारलेल्या तीन गोष्टींपैकी ध्वनीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रेक्षकाचा डोळा बरेच काही माफ करतो, कान करत नाही.

दिग्दर्शक स्वतः चित्रपट नव्याने जोडतो तेव्हा त्याच्याजवळ संवाद, संगीत आणि इतर आवाज वेगवेगळे ठेवलेले असतात. राजामौली यांनी ‘बाहुबली’चे दोन भाग एकत्र करून 31 ऑक्टोबर 2025 रोजी सुमारे पावणेचार तासांचा एक चित्रपट आणला आणि त्यात प्रेमकथेचा बराच भाग व काही गाणी गाळली. त्यांना प्रत्येक सांध्यावर संगीत नव्याने बसवता येणे शक्य होते. आपल्या हाती मात्र सगळे मिसळून झालेला अंतिम ध्वनी असतो. तरीही तो बहुवाहिनी असल्यामुळे एक मोठी सोय मिळते: संवाद बहुतांशी मधल्या वाहिनीत असतात आणि संगीताचा मोठा भाग डाव्या-उजव्या वाहिन्यांत असतो. जिथे सांधा संगीतामुळे उघडा पडतो तिथे मधली वाहिनी जशीच्या तशी ठेवून बाजूच्या वाहिन्या हळूहळू उतरवा आणि त्यांच्या जागी त्याच चित्रपटातला, संवाद नसलेल्या जागेवरून उचललेला वाऱ्याचा, नदीचा किंवा गुहेतल्या पाझराचा आवाज भरा. हा भरणा कुणाला ऐकू येत नाही, पण तो नसला की पोकळी लगेच जाणवते. मधल्या वाहिनीतही संगीत झिरपले असेल तर डेमक्ससारखे मोफत प्रोग्रॅम संवाद वेगळे काढून देतात. कुजबुजीचे प्रसंग मात्र त्यांच्या हाती दिले की आवाज पत्र्यातून आल्यासारखा होतो, म्हणून तिथे आधी नुसत्या वाहिन्यांवर भागते का ते पाहा.

चित्र आणि ध्वनी एकाच फ्रेमवर कापू नका. पुढच्या दृश्याचा आवाज अर्धा-पाऊण सेकंद आधी सुरू झाला किंवा मागच्या दृश्याचा थोडा रेंगाळला, की सांधा आपोआप झाकला जातो. दार आपटते, दगड कोसळतो, कुणी हाक मारते, अशा ठिकाणी तर संगीत तुटलेलेही कळत नाही. प्रत्येक दृश्यात अशी जागा आधी शोधा आणि मग कुठे कापायचे ते ठरवा.

आता कथेबद्दल. सुरुवात कापण्यापासून करू नका, राखण्यापासून करा. बिल्बो ज्या दृश्यात नाही त्या प्रत्येक दृश्यासमोर ते का राहावे याचे कारण लिहा आणि कारण सापडले नाही तरच ते काढा. वृद्ध बिल्बो आणि त्याचा तरुण नातेवाईक फ्रोडो यांची सुरुवातीची चौकट सहज निघते. एरेबोर या डोंगरातल्या राज्याच्या पाडावाचा इतिहासही तिच्याबरोबर गेला तर चित्रपट घराबाहेर बसून धूम्रपान करणाऱ्या तरुण बिल्बोपासून सुरू होतो, आणि त्या डोंगराबद्दल त्याला जेव्हा कळते तेव्हाच प्रेक्षकालाही कळते. कादंबरीची बांधणीही तशीच आहे. राडागास्ट हा जादूगार आणि डोल गुलदूर हा पडका किल्ला यांचा धागा पूर्ण काढता येतो, फक्त जादूगार गॅन्डाल्फ मध्येच निघून का जातो याचे एक-दोन वाक्यांचे कारण शिल्लक ठेवावे लागते.

कादंबरीत नसलेल्या टॉरिएल या एल्फ योद्धा स्त्रीच्या बाबतीत मात्र हात राखून काम करा. तिला समूळ काढायचे म्हटले तर पिंपांमधून नदीतून पळण्याच्या प्रसंगापासून एकेक वीट ढासळू लागते. तिथे बिल्बोबरोबरच्या ड्वार्फांपैकी (बुटक्यांपैकी) किलीच्या पायात बाण लागतो, त्या जखमेमुळे तो लेकटाउन या तळ्यावरच्या गावात मागे राहतो, आणि त्याच्यासाठी त्याचा भाऊ फिली व वैद्यकी करणारा ओइन हेही मागे थांबतात. जखम काढली तर हे सगळे डोंगरावर का पोहोचले नाहीत याला उत्तर उरत नाही. माझा सल्ला असा की टॉरिएल पहारेकऱ्यांची प्रमुख म्हणून राहू द्यावी आणि फक्त तिच्या व किलीच्या प्रेमाचा धागा उपसावा: कोठडीतला संवाद, उपचाराच्या वेळचे किलीचे बरळणे, किनाऱ्यावरचा निरोप आणि शेवटचा विलाप. एवढे गेले की दोन अनोळखी योद्धे एकमेकांच्या उपयोगी पडले इतकेच उरते, आणि किलीचा मृत्यूही त्या अर्थाने टिकतो.

कलमदान

कायद्याच्या बाजूचे थोडक्यात लिहितो. हा व्यावसायिक सल्ला नव्हे, अभ्यासातून झालेले माझे मत आहे.

आपल्या कॉपीराइट कायदा, 1957 मधील कलम 52 खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठीच्या उचित व्यवहाराला मुभा देते. स्वतःच्या डिस्कवरून स्वतःच्या घरात पाहण्यासाठी केलेली आवृत्ती या मुभेच्या अगदी जवळ येते. डिस्कवरचे कुलूप, म्हणजे नक्कल रोखणारे तांत्रिक संरक्षण, उघडण्याचा मुद्दा 2012 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 65ए मध्ये आहे. ते कलम हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवते आणि कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी केलेली कृती त्यातून वगळते. अमेरिकेतला कायदा याहून कडक आहे. तिथे काही ठरावीक अपवाद सोडले तर कुलूप तोडणे हीच मनाई असलेली कृती आहे, त्यामुळे तिकडे राहणाऱ्या वाचकांनी वरील ओळी स्वतःला लागू समजू नयेत.

वैयक्तिक वापराची मर्यादा घराच्या उंबऱ्यापाशी संपते. तयार फाइल ड्राइव्हवरून मित्रांना देणे, संस्थेत दाखवणे किंवा यूट्यूबवर चढवणे या मुभेत येत नाही. फॅन एडिट (चाहत्यांनी केलेले पुनर्संकलन) करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मंडळींमध्येही मूळ प्रत विकत घेतलेली असावी आणि आवृत्तीतून पैसा मिळवू नये, हे दोन संकेत कटाक्षाने पाळले जातात.

ज्यांना आपले काम उघडपणे दाखवायचे आहे त्यांच्यासाठी एक वाट आहे. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून 60 वर्षे टिकतो, म्हणून प्रभातच्या 1936 सालच्या ‘संत तुकाराम’सारखे चित्रपट आता सर्वांसाठी खुले आहेत. मात्र गीते, संगीत आणि कथा यांचे हक्क त्यांच्या कर्त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत वेगळे चालू राहतात, तेव्हा ते तपासूनच पुढे जावे. शिवाय त्या काळचा सगळा ध्वनी एकाच पट्टीवर मिसळलेला असल्यामुळे कातरवेळ यांनी सांगितलेली मधल्या वाहिनीची सोय तिथे मिळणार नाही.

डोंगरवाट

सर्वांचे मनापासून आभार. किलीच्या जखमेचा दुवा माझ्या लक्षातच आला नसता. एक शंका उरते. स्मॉग या ड्रॅगनवर वितळलेले सोने ओतण्याचा प्रसंग कादंबरीत नाही आणि मला तो काढायचा आहे. पण त्यानंतर स्मॉग डोंगरातून बाहेर पडतो तेव्हा अंगभर सोने असते आणि उडताना तो ते झटकतो. प्रसंग काढला तर हे सोने कुठून आले असे मुलगी नक्की विचारील.

कातरवेळ

तिने विचारणे रास्तच ठरेल, म्हणून ते सोने दिसूच देऊ नका. सुदैवाने कापायची जागा चित्रपटातच तयार आहे. सोन्याच्या प्रसंगाच्या अगदी आधी स्मॉगला लेकटाउनच्या लोकांचा संशय येतो, बिल्बो त्याला तिकडे जाऊ नको म्हणून विनवतो आणि स्मॉग त्यांना मरताना पाहा असे बजावून निघतो. ड्वार्फांचा प्रमुख थोरीन त्याला हाक मारून मागे वळवतो ते यानंतर. ती हाक येण्यापूर्वी कापा आणि थेट तिसऱ्या भागाच्या आरंभी लेकटाउनमध्ये उडालेल्या धावपळीवर जा. तो कोलाहल स्मॉगच्या शेवटच्या शब्दाखालीच हळू सुरू करा, म्हणजे त्याची धमकी आणि तिचा परिणाम एका श्वासात येतील.

मध्ये बिल्बोचा ‘आपण हे काय करून बसलो’ या अर्थाचा उद्गार मात्र जरूर ठेवा. तो डोंगराबाहेर उभा राहून पाहतो तो शॉट वापरा आणि त्याला लागून येणारे सोनेरी स्मॉगचे शॉट टाळा. दोन्ही भागांच्या रात्रीच्या रंगात थोडा फरक जाणवेल, तो रिझॉल्व्हच्या कलर पेजवर दोन फ्रेम शेजारी ठेवून जुळवून घ्या. ही एकच जागा आधी करून पाहा आणि हेडफोन न लावता, घरच्या टीव्हीवर, मुलगी बसते त्या अंतरावरून ऐका. सांधा ऐकू आला तर कोलाहल आणखी काही फ्रेम अलीकडे ओढा.