टोळीचा मोबाईल मुकादमाकडे, मग डिजिटल आरोग्य कुणापर्यंत पोचतं?

कृष्णाकाठ:
गाळप सुरू झालं की वाळवा, पलूस, कऱ्हाड पट्ट्यात बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्याच सुमारास जतच्या टोळ्या बाहेर निघतात. सांगली जिल्ह्याला हा प्रश्न दोन्हीकडून आहे: आलेल्यांच्या आरोग्याची नोंद इथं नाही, गेलेल्यांची नोंद इथंच पडून. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, कागदाची फाईल टिकत नाही, एका पावसात लगदा होतो. म्हणून म्हणतो, नोंद माणसाबरोबर चालली पाहिजे आणि ते डिजिटलशिवाय होत नाही.

बीपीचंच बघा. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशपातळीवरचा उपक्रम पहिल्या टप्प्यातच सातारा जिल्ह्यात आला. पेशंटला क्यूआरचं कार्ड द्यायचं, नर्सनं ते ॲपमध्ये स्कॅन करायचं, वरचा-खालचा आकडा आणि गोळी भरायची. रेंज नसली तरी नोंद होते, रेंज आली की वर जाते. खरा फायदा पुढे आहे. परत यायची तारीख उलटून गेलेल्यांची यादी ॲप आपोआप काढतं. रजिस्टरची पानं उलटून तीच यादी काढायला बसा, दुपार जाते आणि तरी चार नावं सुटतात.

माणदेशी:
यादी निघाली. फोन कुणाला लावणार?

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या जेमतेम ३३ टक्के. हे सगळ्यांचं मिळून झालं, त्यात उसाच्या फडावरची बाई कुठे बसते ते तुम्हीच ठरवा. एका कोयत्यामागं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागं, एक फोन. तो नवऱ्याच्या खिशात. अर्जावर बऱ्याचदा नंबर टोळी आणणाऱ्या मुकादमाचा, कारण भरणाऱ्याला रकाना रिकामा सोडता येत नाही. १४ आकडी आभा क्रमांक, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर, काढायला आधारशी जोडलेल्या नंबरावर ओटीपी येतो, आणि ते सिम दोन हंगामांपूर्वीच बंद पडलेलं. अंगठा लावा म्हणावं, तर कोयता चालवून आणि पाचट ओढून बोटांच्या रेषा झिजलेल्या, यंत्र घेत नाही.

आणि ते क्यूआर! ते माणसाला वाचता येत नाही. दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात ते ॲपच नसेल तर कार्ड म्हणजे काळ्या ठिपक्यांचा चौकोन. त्याच कार्डामागं पेनानं गोळीचं नाव, ताकद आणि शेवटचे तीन आकडे लिहा. फुकटात काम होतं.

उपकेंद्राची पायरी:
दोघांचंही भांडण बीपीचा आकडा बरोबर आहे असं धरून चाललंय. आधी तो तपासा.

ऊसतोडीच्या बायका साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, पाचटानं हात कापू नयेत म्हणून. बाही वर गुंडाळली की दंडाला आवळते. त्यावर बीपीचा पट्टा बांधून घेतलेला आकडा विश्वासाचा नाही. शर्टातून हात पूर्ण बाहेर काढायचा. दुसरं, यंत्राबरोबर येणारा मध्यम पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाला असतो. कष्टानं वाळलेला दंड २२ च्या आत गेला तर पट्टा मोठा पडतो आणि बीपी खरं आहे त्यापेक्षा कमी दिसतं. सात महिन्यांच्या गरोदर बाईचं १४४/९२ असताना यंत्र १३४ दाखवणार, ॲप हिरवा रंग दाखवणार आणि तिला झटके यायचा धोका नोंदीतून गायब होणार. १४०/९० ची धोक्याची रेघ कागदावर ठीक आहे, पट्टा लहान-मोठा असे दोन नसतील तर तिला अर्थ नाही.

मोळ्या गाडीत भरून आल्या आल्या घेतलेलं बीपीही धरू नका. पाच मिनिटं टेकून बसवायचं, पाय जमिनीला, दंड छातीच्या उंचीला, बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा घ्यायचं. कोपीत खुर्ची नसते. एक घडीची खुर्ची आणि जादा सेल गाडीत टाकणं हे टॅब्लेटपेक्षा आधी येतं.

कोयनाखोरं:
टोळ्यांपुरतं नका बोलू. कोयना धरणाच्या पाण्यापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातला माणूस कुठे जात नाही, डॉक्टरच तिथे येत नाही. तिथं ई-संजीवनीला, म्हणजे सरकारच्या व्हिडिओवरच्या डॉक्टरी सल्ल्याला, पर्याय सांगा, मग डिजिटलला नावं ठेवा. उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी पेशंटजवळ बसतो, पलीकडून डॉक्टर बघतात. लाँच आणि जीपचा एक दिवस आणि एक रोजगार वाचतो. व्हिडिओ अडकला तर नुसत्या आवाजावरही सल्ला देता येतो, मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत तशी मुभा आहे.

मात्र ते कुठं फसतं तेही सांगतो. पलीकडचे डॉक्टर जे औषध लिहितात ते उपकेंद्राच्या कपाटात नसतं. मग चिठ्ठी हातात आणि दुकान पाण्यापलीकडं. त्या दिवशीचा औषधसाठा डॉक्टरच्या पडद्यावर दिसला पाहिजे, एवढी एक गोष्ट केली तरी निम्म्या तक्रारी मिटतील. पावसाळ्यात लाईट जाते, तेव्हा इन्व्हर्टर राउटरलाही जोडलेला हवा. बऱ्याच ठिकाणी तो फक्त फ्रीज आणि ट्यूबलाईटला असतो.

माणदेशी:
साप चावला तर? व्हिडिओतून लस टोचता येते का?

कोयनाखोरं:
नाही. पण घोणस चावलीय का या शंकेत जाणारा वेळ वाचतो. दोन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ, काचेच्या नळीत घ्यायचं. २० मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकी करायची. रक्त वाहिलं तर गोठण बिघडली, विषविरोधी लस हवी. नळी काचेचीच, प्लास्टिकमध्ये चाचणी फसते. साबणानं धुतलेलीही चालत नाही. हे बघत बसणाऱ्याला पलीकडून डॉक्टर सांगू शकतात आणि लस असलेल्या रुग्णालयाला आधी कळवू शकतात. गाडी मात्र चाचणीसाठी थांबवायची नाही.

फडाचा हिशेब:
एक बाजू कुणीच घेतली नाही. नोंद चालती झाली म्हणजे ती दुसऱ्याच्या हातातही चालती झाली.

क्षयरोगाचं घ्या. उपचार कमीत कमी सहा महिन्यांचा, हंगाम साधारण तेवढाच. निक्षय या क्षयरोग नोंदीच्या सरकारी पोर्टलवर पेशंट दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येतो, पण पलीकडच्यानं तो स्वीकारावा लागतो. इकडं ‘पाठवला’, तिकडं बघितलंच नाही, आणि मधल्या पंधरा दिवसांत गोळ्या संपल्या. म्हणून पोर्टलवर पाठवलं की तिथल्या क्षयरोग पर्यवेक्षकाला फोन, आणि पेशंटच्या हातात महिनाभराच्या गोळ्या. याला सॉफ्टवेअर पुरत नाही.

त्याहून वाईट म्हणजे आठवणीचा एसएमएस. ‘तुमची क्षयरोगाची औषधं बाकी आहेत’ हा मेसेज मुकादमाच्या फोनवर गेला की काय होईल? कोयता परत पाठवला जाईल आणि उचल, म्हणजे आगाऊ दिलेले पैसे, परत मागितली जाईल. मेसेजात आजाराचं नाव नकोच. ‘कार्ड घेऊन दवाखान्यात या’ एवढंच. आणि अर्जात मोबाईलच्या रकान्याशेजारी ‘हा नंबर कुणाचा’ हा रकाना सक्तीचा करा: स्वतःचा, घरच्याचा, मुकादमाचा. मुकादमाचा असेल तर मेसेज बंद.

कृष्णाकाठ:
नंबर कुणाचा हा रकाना मान्य. कार्डामागं पेनानं लिहिणंही मान्य, मी कागदाच्या विरोधात नव्हतो. पण माणदेशी, पेनानं लिहिलेल्या कार्डावरून जतच्या केंद्राला कसं कळणार की यंदा निघालेल्यांपैकी किती जणांनी डिसेंबरपासून गोळी घेतलेली नाही?

माणदेशी:
कळून करणार काय? ते जतमध्ये, पेशंट नदीपलीकडं. त्यापेक्षा दसऱ्याला कोयता निघायच्या आधी पाच महिन्यांच्या गोळ्या द्या. ज्यांचं बीपी आटोक्यात आहे त्यांना बीपीच्या ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमच्या १५० गोळ्या, म्हणजे दहाच्या १५ पट्ट्या. एका प्लास्टिकच्या पिशवीत बसतात. महिनाभराच्याच गोळ्या द्यायची पद्धत बदलणं ॲप बनवण्यापेक्षा अवघड आहे का?

उपकेंद्राची पायरी:
अवघड आहे, कारण साठा मागच्या खपावर येतो. निघणाऱ्यांची संख्या सप्टेंबरातच कळवली तरच दसऱ्याला १५ पट्ट्या हातात असतील. ती संख्या कृष्णाकाठ म्हणतात त्या यादीतूनच काढावी लागेल. गरोदर बाई मात्र या हिशेबात धरू नका. तिला पिशवी देऊन चालत नाही, तिच्या कोपीवर संध्याकाळी सातनंतर कुणीतरी लहान पट्टा घेऊन जावंच लागतं.