सौरपंपाच्या पॅनेलला आरसे जोडावेत का?

माणदेशी_ऊन: जत-आटपाडीकडं पाऊस कमी, ऊन रग्गड. पॅनेलच्या उत्तर-दक्षिण कडांना पॅनेलच्याच रुंदीचे चकचकीत ॲल्युमिनियमचे पत्रे बाहेर कलवून पॅनेलशी ६० अंशांत उभे केले, तर सूर्य समोर असताना पत्र्यावरचं ऊन थेट पलीकडच्या कडेपर्यंत सारखं पसरतं. हिशेबानं दुप्पट ऊन! शिवाय एकवटलेल्या उन्हात सेलची कार्यक्षमताही वाढते. जर्मनीत फ्राउनहोफर या संशोधन संस्थेनं २०२२ मध्ये ४७.६ टक्के गाठलेत.

कृष्णाकाठ: दादा, तो सेल चार जंक्शनचा, म्हणजे वेगवेगळा प्रकाश टिपणारे चार थर असलेला, ६६५ पट उन्हात मोजलेला. आपला साधा सिलिकॉन. ऊन दुप्पट झालं की सेलचं व्होल्टेज वाढतं जेमतेम १८ मिलिव्होल्ट. आणि तापला की दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट घटतं. नऊ अंश तापला, कमाई साफ!

माणदेशी_ऊन: कार्यक्षमता राहू द्या. करंट तर वाढतो ना? सकाळी पंप लवकर पाणी उचलेल.

मिरज_फिटर: सकाळीच तर गोची आहे. सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले असतात; त्या साखळीला स्ट्रिंग म्हणतात. एका टोकाच्या सेलवर पत्र्याचं ऊन पोचलं नाही की सगळ्या स्ट्रिंगचा करंट त्या कमजोर सेलवर अडतो. साडेनऊचं ऊन तिरपं. त्यासाठी मीटरभर रुंद पॅनेलला पत्रा दोन्ही टोकांना दीड-पावणेदोन मीटर जादा लागेल. शिवाय सूर्य उत्तर-दक्षिण सरकतो, म्हणजे महिन्या-दीड महिन्याला बैठकीचा कोन बदला. ढगाळ हवेतलं पसरट ऊन तर पत्रा फारसं वळवतच नाही. आणि ढालगावकडं पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात, त्यात हे पत्रे म्हणजे शीडच की. फाउंडेशन कुणी मोजलंय?

कोरेगावकर: फिटरसाहेब, सरसकट नको म्हणू नका. आहे त्या पॅनेलवर दुपारी जादा पाणी हवं असेल तर एकाच बाजूचा पत्रा चालतो. परावर्तन ८५ टक्के धरलं तरी कागदावर ४० टक्क्यांच्या आसपास भर पडते. मागून हवा खेळती ठेवा.

मिरज_फिटर: कागदावर! ४० अंशांच्या उन्हाळ्यात पॅनेल आधीच ६०-६५ अंशांवर. आणखी २० चढले की ७ टक्के तिथंच गेले. कंट्रोलरच्या (पॅनेलची वीज पंपाला देणाऱ्या पेटीच्या) पाटीवरचा कमाल इनपुट करंट ओलांडला तर पुढचं सगळं वाया, वर वॉरंटीचा वाद. त्याच पत्र्या-अँगलच्या पैशात काच धुवायची सोय करा, वीटभट्टीकडचा धुळीचा थर आधी काढा.

कोरेगावकर: धुवा की, पत्राही धुवावा लागेलच. पण मोजल्याशिवाय निकाल नको. डीसी क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा) घ्या, भर दुपारी पत्र्यासह आणि पत्रा झाकून करंट बघा. पत्रा लावल्या लावल्या नाही, वीस मिनिटं पॅनेल तापू द्या, मग. व्होल्टेजही सोबत लिहा.

माणदेशी_ऊन: एकाच पॅनेलवर करतो. पत्रा दोरीनं बांधून, बोल्ट नंतर.